पाण्याची टाकी भरली की गाडी सरळ होते, मग वेट डिस्ट्रिब्युशन हिच कशाला?

प्रश्न: मी गोव्यात साखळी गावात शिक्षक आहे. जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली, सामानासकट 1,100 किलो. गाडीला जोडली की मागची बाजू बसते आणि दिवे माडांच्या शेंड्यांवर पडतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे मागे पडणारा भार सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी, आणली, पण ती तशीच पडून आहे. कारण कॅराव्हॅनच्या मागची 80 लिटरची पाण्याची टाकी भरून रॅकवर दोन सायकली टांगल्या की गाडी आपोआप सरळ होते. फक्त चोर्ला घाट उतरताना कॅराव्हॅन डुलते. हिच बसवू की विकून टाकू?

उत्तर: मास्तर, विकू नका. पण आधी त्या सायकली उतरवा, आजच.

गाडी सरळ झाली ती दुखणं बरं झालं म्हणून नव्हे. टाकी कॅराव्हॅनच्या एक्सलच्या मागे दीड मीटर आहे आणि हिचचा गोळा, ज्यावर कॅराव्हॅनचं तोंड बसतं तो, एक्सलच्या पुढे साडेतीन मीटर, असं धरू. मागे 80 किलो पाणी घातलंत की गोळ्यावरचे 34 किलो उचलले गेले. सायकलींनी आणखी वीसेक नेले. गोळ्यावर ट्रेलरच्या, म्हणजे तुमच्या कॅराव्हॅनच्या, एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवाच. तो घटला की शेपूट जड होते आणि उतारावर तीच गाडीला हलवायला लागते. त्या डुलण्याला मी फार भितो. खनिजाच्या टिपरांखाली लोळण्यात माझी उमर गेली, पण भरलेला टिपर परवडला.

म्हणून पहिलं काम वजनाचं. काजूच्या आडतीत पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तो तासभर मागून आणा. कॅराव्हॅन सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, काट्यासकट गोळ्याच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून तिचं तोंड त्यावर टेकवा. ठोकळ्याचं वजन वजा करा. 110 ते 165 किलोंमध्ये आकडा यायला हवा.

समजा 140 आला. गोळा गाडीच्या मागच्या एक्सलपासून 1.2 मीटर मागे आणि गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2.7 मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचे 62 किलो उचलले जातात. दगडाखाली पहार घालून दाबल्यासारखंच. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. हिचचे दोन स्प्रिंग बार, म्हणजे साखळीने ट्रेलरला ताणून अडकवायचे लवचीक दांडे, उलटा जोर लावतात आणि तो भार थोडा पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. शेपटीत कोंबलेलं ओझं मात्र त्यांना सावरता येत नाही.

आता बसवणं. सिमेंटच्या सपाट अंगणात, ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकावर मडगार्डची कड जमिनीपासून किती ते मोजा. 79 सेंटिमीटर आली असं धरा. ट्रेलर जोडून, बार न लावता पुन्हा मोजा. 83 झाली? मग बार लावून ती 81 किंवा त्याखाली यायला हवी, पण 79 च्या खाली कधीच नको. पुढे जास्त दाबली तर मागची चाकं हलकी होतात आणि पावसात घसरतात. कमी पडलं तर दोन्ही बाजूंना साखळीची एकेक कडी आवळा. तरी भागलं नाही तर हिचच्या डोक्याचा, म्हणजे गोळा बसवलेल्या भागाचा, कल वाढवा. ट्रेलर सरळ किंवा नाकाकडे किंचित झुकलेला बरा.

साखळी अडकवण्याआधी ट्रेलरचा जॅक फिरवून जोडलेली गाडी उचलून घ्या, सोडतानाही तसंच. मी एकदा आळस केला. बार सुटला, हातातला बार ताणायचा पाइप शेजारच्या माडावर जाऊन आपटला. माझ्या जबड्यात आणि त्या पाइपात वीतभर अंतर होतं.

गाडीच्या पुस्तकात ओढायची आणि गोळ्यावरची मर्यादा लिहिलेली असते, अशी हिच चालते की नाही तेही बघा. हिच लावून ती मर्यादा वाढत नाही.

सायकली गाडीच्या टपावर बांधा. टाकी मुक्कामी पोचल्यावर भरा, घाटात पाणी वाहून न्यायची गरज काय? आणि रस्त्यावरून घराकडे उभा चढ असेल तर आत शिरण्याआधी बार काढा, नाहीतर त्या खळग्यात हिच आणि चासी दोन्ही पिळवटतात.