संकेतधून संपायच्या आत

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

‘संशोधनासाठी रेडिओत काम करणारे हवेत, कृपया शेअर करा’ ही तुझी पोस्ट पाहिली. लाइक भरपूर आले, मुलाखत एकही मिळाली नाही, म्हणून तू खट्टू झालीस. अगं, अशी पोस्ट वाचून हे आपल्यालाच विचारलंय असं कुणालाच वाटत नाही. माणसं एकेक करून शोधावी लागतात.

त्याआधी कोण हवंय ते ठरव. आकाशवाणीत कार्यक्रम अधिकारी वेगळे, कायम नोकरीतले उद्घोषक वेगळे आणि महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळणारे हंगामी निवेदक वेगळे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, तेव्हा बातम्यांबद्दल तिथल्या आरजेला विचारून हाती काही लागणार नाही. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या सामुदायिक रेडिओचं, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या केंद्रांचं, जग तर आणखी निराळं.

आरजे इन्स्टाग्रामवर सहज सापडतील. आकाशवाणीतली निवृत्त मंडळी मात्र फेसबुकवर शोध. मुंबई केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. त्या तारखेला आणि 13 फेब्रुवारीच्या जागतिक रेडिओ दिनाला ही मंडळी स्टुडिओतले जुने फोटो टाकतात. त्या फोटोंखालच्या कमेंट सावकाश वाच. ‘त्या दिवशी पॅनलवर (म्हणजे आवाज नियंत्रित करायच्या यंत्रावर) मीच होतो’ असं लिहिणारा माणूस तुला हवाय. निवेदकाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो, पण ट्रान्समीटर सांभाळणाऱ्या अभियंत्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचार, ‘तुमच्याबरोबर ड्युटीला कोण असायचं?’

मेसेज छोटा ठेव. तू कोण, कुठल्या कॉलेजची, किती वेळ हवा, आणि त्यांच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न. मी एका निवृत्त उद्घोषिकाबाईंना एवढंच विचारलं होतं, ‘सकाळची सभा सुरू करताना स्टुडिओत तुम्ही एकट्याच असायचात का?’ चार लांबलचक व्हॉइस मेसेज आले. सभा, म्हणजे प्रसारण, सुरू होताना वाजणारी संकेतधून संपायच्या आत घसा साफ करून घ्यायचा, घोटभर कोमट पाणी प्यायचं, कार्यक्रमांचा क्रम लिहिलेल्या क्यू शीटवर बोट ठेवायचं आणि मगच फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर करायचा, असं सगळं त्यांनी सांगितलं. ‘मला तुमच्या करिअरविषयी सांगा’ असं लिहिलं असतं, तर यातलं काही हाती लागलं नसतं.

आणि एक गोष्ट फार जपून कर. हंगामी निवेदक मानधनाविषयी मोकळेपणाने बोलले, तर पुढची ड्युटी जाईल की काय ही धास्ती त्यांना असते. रेकॉर्डिंगआधी स्पष्ट परवानगी घे. नाव नको म्हणाले, तर नावाबरोबर केंद्र आणि कार्यक्रमाची वेळही गाळ. नुसत्या वेळेवरूनही माणूस ओळखू येतो. नोकरीत असलेल्यांना वरिष्ठांची परवानगी लागू शकते, तेव्हा कॉलेजचं पत्र तयार ठेव. उत्तर आलं नाही, तर आठवड्याने एकदाच आठवण कर, नंतर नाही.

पहिले पाच मेसेज पाठवण्याआधी मला दाखव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझे,
सर