फ्यूज उडतोय म्हणून १४,००० डॉलरचं कर्ज घ्यावं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला टाउनहाउसमध्ये राहतो. गॅस फर्नेस आणि सेंट्रल एसी दोन्ही २०१४ चे. एप्रिलमध्ये जुना थर्मोस्टॅट काढून स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. भिंतीत एक निळी वायर मोकळी होती, ती दोन्ही टोकांना 'सी' या स्क्रूवर जोडली. हीट व्यवस्थित चालली. जूनमध्ये पहिल्यांदा कूलिंग लावलं आणि थर्मोस्टॅटचा स्क्रीनच गेला. तंत्रज्ञाने फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवरचा ३ अँपिअरचा फ्यूज बदलला. कूलिंग लावताच तोही उडाला. "बोर्ड गेलाय, सिस्टीम बारा वर्षांची आहे, सगळंच बदला," असं सांगून त्याने १४,००० डॉलरचं कोटेशन दिलं. कर्ज ९.९९ टक्क्यांनी, दहा वर्षांचं. बचत खात्यात ९,००० डॉलर आहेत. कर्ज घ्यावं, की पुण्यातली एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी मोडावी?

उत्तर : सध्या दोन्ही नको. तुमचा बिघाड नेमका कुठे आहे हे अजून कोणी शोधलेलंच नाही, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं बोर्डपेक्षा वायरकडे बोट दाखवतात.

आधी कर्जाचा हिशेब. १४,००० डॉलर, ९.९९ टक्के, १२० हप्ते म्हणजे महिन्याला साधारण १८५ डॉलर. एकूण फेड सुमारे २२,२०० डॉलर, त्यात निव्वळ व्याज ८,२०० च्या आसपास. आता 'बोर्ड गेलाय' हे खरं धरू. बोर्ड मजुरीसकट बहुधा ४०० ते ८०० डॉलरमध्ये बदलून मिळतो. ८०० धरले तरी ते साडेचार हप्तेसुद्धा होत नाहीत. म्हणजे तंत्रज्ञाचं निदान बरोबर असलं, तरी त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर ठरत नाही.

आता निदानाकडे. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर घरच्या १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. या २४ व्होल्टची एक बाजू 'आर', परतीची बाजू 'सी'. थर्मोस्टॅट हा खरं तर फक्त स्विच आहे: 'आर' 'डब्ल्यू'ला जोडला की हीट, 'जी'ला जोडला की पंखा, 'वाय'ला जोडला की कंडेन्सरमधला (एसीच्या बाहेरच्या युनिटमधला) काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, ओढला जातो आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. घरगुती ट्रान्सफॉर्मर बहुतेक ४० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, म्हणजे त्याची क्षमता पावणेदोन अँपिअरपेक्षाही थोडी कमी. काँटॅक्टरची कॉइल अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेते. तेव्हा ३ अँपिअरचा फ्यूज पटकन उडतो तो 'सिस्टीम जुनी झाली' म्हणून नाही. कुठेतरी सरळ शॉर्ट आहे.

आणि तो कुठे असेल तेही तुमच्याच पत्रातून दिसतं. शॉर्ट 'आर' आणि 'सी'मध्ये असता, तर नवा फ्यूज बसवून वीज देताक्षणी उडाला असता. हीट चालली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, 'आर', 'डब्ल्यू' आणि बोर्डाचा तेवढा भाग शाबूत आहे. कूलिंग मागितल्यावरच उडतो, म्हणजे दोष बहुधा 'वाय'च्या वाटेवर. त्या वाटेवर तीन संशयित आहेत. पहिला, फर्नेसपासून कंडेन्सरपर्यंत जाणारी दोन तारांची केबल: बाहेर ती उन्हाने कडक होते, गवत कापायच्या यंत्राने सोलते, उंदीर-खारी कुरतडतात, किंवा कंडेन्सरच्या पत्र्याच्या कडेला घासते. दुसरा, काँटॅक्टरची कॉइल जळून शॉर्ट झालेली. तिसरा तुमच्या घरात विशेष संभवतो. भिंतीतल्या केबलला कधीकाळी ठोकलेल्या स्टेपलने 'वाय'ची आणि ती निळी वायर एकमेकींना टेकवलेल्या असू शकतात. निळी मोकळी होती तोवर काहीच बिघडलं नाही. तुम्ही तिला 'सी' केलंत, आणि 'वाय'वर वीज आली की ती थेट परतीच्या तारेला भिडते. थर्मोस्टॅट बदलल्यानंतरच्या पहिल्याच कूलिंगला फ्यूज गेला, हे त्याच्याशी जुळतं. पण बाहेरची केबल हिवाळ्यात कुरतडली गेली असली तरी हेच दिसलं असतं, म्हणून तपासल्याशिवाय ठरवू नका.

तपासणी अशी. ब्रेकर आणि फर्नेसजवळचा स्विच दोन्ही बंद. फर्नेसचं झाकण उघडा आणि बोर्डवरच्या जोडणीचा फोटो काढा. 'सी' आणि 'वाय'वर दोन-दोन वायर असतात, एक थर्मोस्टॅटची, एक कंडेन्सरची, आणि इथेच लोकांची गफलत होते. रंगावर विश्वास ठेवू नका, वायर कुठल्या अक्षराखाली आहे ते पाहा. एखाद्या वायरचा उघडा तांब्याचा भाग शेजारच्या स्क्रूला टेकत नाही ना, तेही बघा. मग कंडेन्सरकडे जाणारी जोडी सोडवून तिच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने ओहम मोजा. दहा-वीस ओहमच्या आसपास आलं तर बाहेरची बाजू बहुधा ठीक. शून्याजवळ आलं तर शॉर्ट बाहेरच आहे. काहीच वाचन नाही आलं तर तार तुटली आहे किंवा कंडेन्सरमधला प्रेशर स्विच उघडा आहे; पण त्याने कूलिंग बंद पडतं, फ्यूज उडत नाही.

जोडी सुटीच ठेवून नवा ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज बसवा, झाकण लावा (दाराचा सेफ्टी स्विच दाबला गेल्याशिवाय वीज येत नाही) आणि थर्मोस्टॅटवरून कूलिंग मागा. फ्यूज टिकला तर गुन्हेगार बाहेर आहे. उडाला तर पुन्हा वीज बंद करून थर्मोस्टॅटच्याही सगळ्या वायर बोर्डवरून काढा, फ्यूज बदला, वायरच्या छोट्या तुकड्याने बोर्डवरच 'आर' आणि 'वाय' जोडा आणि मग वीज द्या. आता टिकला तर भिंतीतली केबल किंवा थर्मोस्टॅट. आताही उडाला, तरच 'बोर्ड गेला' या वाक्याला आधार आहे. प्रत्येक वायर हलवण्याआधी वीज बंद करायची. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून ५ किंवा १० अँपिअरचा मुळीच लावू नका. मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. कंडेन्सरचं झाकण स्वतः उघडू नका. आत २४० व्होल्ट असतात आणि कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देतो.

खर्च बघा. फ्यूजचं पाकीट पाचेक डॉलरचं. काँटॅक्टर वीस ते चाळीस डॉलरचा, बसवण्याची मजुरी वेगळी. पाच तारांची १८ गेजची ५० फूट केबल तीस-चाळीस डॉलरला. भिंतीतली केबलच खराब निघाली आणि नवी ओढणं कठीण असेल, तर निळी वायर दोन्ही टोकांना सोडवून ठेवा आणि थर्मोस्टॅटला २४ व्होल्टचा प्लगवाला ॲडॉप्टर लावा. वीस-तीस डॉलरमध्ये भागतं. हे काही स्वतः करायचं नसेल तर दुसऱ्या, परवानाधारक एचव्हीएसीआर (हीटिंग-कूलिंगच्या) कंत्राटदाराला बोलवा आणि फोनवरच स्पष्ट सांगा : "लो-व्होल्टेज शॉर्ट शोधायचा आहे, बदलीचं कोटेशन नको." दीडशे-दोनशे डॉलर तपासणीचे गेले तरी या प्रकरणातला तो सर्वांत चांगला खर्च असेल.

विक्री करताना तुम्हाला आणखी तीन गोष्टी ऐकवल्या जातील. 'वीजबचतीतून हप्ता निघेल': तुमचं यंत्र १३ सीअरचं (सीअर म्हणजे एसीच्या वीज-कार्यक्षमतेचा आकडा) आणि नवं १६ चं धरलं, तर कूलिंगची वीज सुमारे १९ टक्के कमी लागेल. उन्हाळ्याचा कूलिंगचा खर्च ५०० डॉलर धरला तर वर्षाला ९५ डॉलर वाचतील. हप्ते वर्षाला २,२२० डॉलरचे. 'जुना गॅस बंद झाला': १ जानेवारी २०२५ पासून आर-४१०ए या एसीतल्या गॅसवर चालणाऱ्या नव्या सिस्टीम बनवणं बंद झालं, हे खरं. पण तुमच्या जुन्या यंत्राची दुरुस्ती करायला त्याने आडकाठी नाही, आणि वायरच्या शॉर्टचा गॅसशी संबंधच नाही. 'टॅक्स क्रेडिट मिळेल': घरगुती एनर्जी-एफिशियंट उपकरणांवरचं फेडरल क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. राज्य किंवा वीज कंपनीची सूट असू शकते, पण ती लेखी दाखवा म्हणावं.

करारावर घरीच सही करून बसला असाल, तर विचार बदलण्याची मुभा देणाऱ्या फेडरल 'कूलिंग-ऑफ' नियमाखाली तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो लेखी रद्द करता येतो. त्यात शनिवार धरतात, रविवार आणि फेडरल सुट्ट्या धरत नाहीत. तंत्रज्ञाला दुरुस्तीसाठी तुम्हीच बोलावलं होतं, म्हणून दुरुस्तीला ही मुभा नाही. दुरुस्तीपलीकडे जे गळ्यात मारलं त्याला आहे.

एफडीबद्दल थोडक्यात. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज कापते, एनआरओच्या व्याजावर कर आधीच कापला जातो, आणि पैसे इकडे आणायला कागदपत्रं लागतात. काही शे डॉलरच्या दुरुस्तीसाठी तो खटाटोप कशाला? दुरुस्ती ९,००० मधूनच करा.

तरीही यंत्र बारा वर्षांचं आहे, ते कायम टिकणार नाही. म्हणून जो १८५ डॉलरचा हप्ता भरायला तुम्ही तयार होतात, तोच दर महिन्याला वेगळ्या हाय-यील्ड बचत खात्यात टाका. व्याज न धरता सहा वर्षं चार महिन्यांत १४,००० जमतात. मधेच कॉम्प्रेसर बंद पडला तर तोवर साठलेले वजा करून उरलेल्याचंच कर्ज लागेल. तेव्हा तीन कोटेशनं मागवा आणि प्रत्येकाकडून रोख भाव वेगळा लिहून घ्या, कारण 'शून्य टक्के' योजनांचा खर्च अनेकदा मूळ किमतीतच मिसळलेला असतो. 'सेम ॲज कॅश' (मुदतीत सगळे फेडले तर व्याज नाही) योजना असेल तर मुदतीत एक डॉलर जरी बाकी राहिला, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागू शकतं.

एका परिस्थितीत मात्र माझं उत्तर बदलेल. फर्नेसच्या हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा असल्याचं कोणी फोटोसकट दाखवलं, किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर तो फर्नेस त्याच दिवशी बंद ठेवा आणि तो बदलण्याला प्राधान्य द्या. तेव्हाही आधी फक्त फर्नेसचा भाव मागा. एसी त्याच्याबरोबर बदलायलाच हवा असं नाही.