वाचकांचे प्रश्न : मेनफ्रेमची फाइल उतरवताना

प्रश्न : मेनफ्रेमवरून (आयबीएमच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावरून) आमच्याकडे खात्यांची फाइल एफटीपी या फाइल पाठवण्याच्या सोयीच्या टेक्स्ट पद्धतीने येते. नावे आणि पत्ते व्यवस्थित वाचता येतात, परंतु शिल्लक रकमेच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, काही रेकॉर्डची लांबी वाढलेली असते आणि क्वचित एखादे रेकॉर्ड मध्येच तुटून दोन ओळींत विभागले जाते. निरनिराळी कोड पेजेस (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर हे सांगणारे तक्ते) लावून पाहिली, पण उपयोग झाला नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर : कोणतेही कोड पेज लावले तरी ही अडचण सुटणार नाही, कारण रक्कम हा मुळात मजकूरच नाही. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केल्यापासून त्या घराण्यातील यंत्रांवर एबसिडिक ही अक्षरलेखनाची पद्धत चालत आली आहे. तिच्यात रोमन मोठा ‘ए’ म्हणजे हेक्समध्ये (बाइट लिहिण्याच्या षोडशमान पद्धतीत) सी१ आणि १ हा अंक म्हणजे एफ१. इतर संगणकांवर रूढ असलेल्या आस्की पद्धतीत हेच अनुक्रमे ४१ आणि ३१ असतात. टेक्स्ट पद्धतीने फाइल आणली की प्रत्येक बाइट हे अक्षर आहे असे गृहीत धरून सरसकट अदलाबदल केली जाते. नावांच्या बाबतीत ते योग्यच आहे. आपली रक्कम मात्र बहुधा कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड डेसिमल स्वरूपात असणार. तिच्यात एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असते : सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण आणि एफ म्हणजे चिन्हविरहित.

उदाहरणार्थ, धन १२३४५ ही रक्कम फाइलमध्ये १२ ३४ ५सी अशा तीन बाइट्समध्ये असते. कोड पेज ०३७ लावून तिचे ‘भाषांतर’ केले, तर १२ जसेच्या तसे राहते, ३४ चे ९४ होते, आणि ५सी हे एबसिडिकमधील तारांकन असल्यामुळे त्याचे २ए होते. मूळ रक्कम तेथेच हरवली. त्यातून लक्ष्य यूटीएफ-८ (एका खुणेला एक किंवा अधिक बाइट वापरणारी पद्धत) असेल, तर ९४ या एका खुणेसाठी सी२ ९४ असे दोन बाइट लागतात. तीन बाइटांचे फील्ड चार बाइटांचे होते आणि त्यापुढील प्रत्येक फील्ड एक घर सरकते. लांबी वाढण्याचे कारण हे आहे. ओळ तुटण्याचे कारणही याच जातीचे आहे. १५० ही रक्कम ०० १५ ०सी अशी लिहिली जाते, आणि १५ हा एबसिडिकमध्ये नव्या ओळीचा संकेत असल्यामुळे अनेक रूपांतरक तेथे ओळ संपवून मोकळे होतात.

म्हणून फाइल बायनरी पद्धतीनेच आणावी आणि कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेतील कॉपीबुक, म्हणजे रेकॉर्डमधील फील्डांचा आराखडा, समोर ठेवून एकेक फील्ड स्वतंत्रपणे उलगडावे. पिक एक्स (मजकूर) असलेल्या फील्डलाच कोड पेज लावावे. कॉम्प-३ चे अंक सुटे करून आकडा तयार करावा. कॉम्प फील्ड बायनरी असून त्यातील वजनदार बाइट आधी येतो, हे ध्यानात ठेवावे. सर्वाधिक फसवते ते झोन्ड डेसिमल (एका बाइटमध्ये एकच अंक), कारण ते वरकरणी मजकुरासारखेच दिसते. त्यात ऋण १२३ हा आकडा एफ१ एफ२ डी३ असा असतो आणि रूपांतरानंतर ‘१२एल’ असा दिसतो. तो ‘एल’ म्हणजे बिघाड नव्हे; ३ हा अंक आणि ऋण चिन्ह एकाच बाइटमध्ये बसवलेले आहे. शेवटचा अंक शून्य असेल तर तेथे महिरपी कंस येतो, आणि चुकून जर्मन कोड पेज २७३ लावले गेले तर त्याच कंसाच्या जागी दोन टिंबांचा ‘ए’ किंवा ‘यू’ अवतरतो.

मेनफ्रेमकडील सहकारी तयार असतील, तर तेथेच सॉर्ट या क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका पायरीत सर्व आकडे सुटे करून, चिन्ह वेगळ्या जागी मांडून द्यायला सांगावे, हा मार्ग मला अधिक पसंत आहे. मग संपूर्ण फाइल खऱ्या अर्थाने मजकूर होते आणि टेक्स्ट पद्धतीनेही सुखरूप येते. रेकॉर्ड बदलत्या लांबीचे, म्हणजे व्हीबी असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते : प्रत्येक रेकॉर्डच्या आरंभी चार बाइटांचा आरडीडब्ल्यू असतो आणि त्यातील पहिल्या दोन बाइटांत, ते चार बाइट धरून, रेकॉर्डची लांबी लिहिलेली असते. एफटीपीला तसे स्पष्ट सांगितले नाही, तर तो गाळला जातो, आणि एकदा तो गेला की एक रेकॉर्ड कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे बाइट्सवरून खात्रीने सांगता येत नाही.

प्रश्न : मजकुराच्या फाइलचे आम्ही कोड पेज ०३७ ने रूपांतर केले आणि चाचणीसाठी पुन्हा एबसिडिकमध्ये परत नेले. बाइटनबाइट जुळला. तरीही चौकटी कंसांच्या जागी भलतीच अक्षरे दिसत असल्याची तक्रार आली आहे. हे कसे?

उत्तर : आपली चाचणी कोड पेज बरोबर आहे की नाही हे तपासतच नाही. ०३७ आणि १०४७ ही दोन्ही कोड पेजेस २५६ बाइट्सची लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) मधील २५६ खुणांशी एकास एक जोडी लावतात, त्यामुळे यांतील कोणतेही निवडले तरी परतीच्या प्रवासात मूळ फाइल हाती येणारच. चौकटी कंस ०३७ मध्ये बीए आणि बीबी येथे आहेत, १०४७ मध्ये एडी आणि बीडी येथे, तर ५०० मध्ये ४ए आणि ५ए येथे. १०४७ मध्ये लिहिलेले कंस ०३७ ने वाचले, तर उघडणाऱ्या कंसाचा डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘वाय’ होतो आणि बंद होणाऱ्या कंसाची नुसती दोन टिंबे उरतात. आपल्याला हेच दिसत असेल, तर उत्तर १०४७ आहे.

साधी रोमन अक्षरे आणि अंक तिन्ही पेजेसमध्ये एकाच जागी असल्याने नुसत्या नावांची चाचणी नेहमीच उत्तीर्ण होते. चाचणीच्या रेकॉर्डमध्ये कंस, उद्गारचिन्ह, उभी रेघ, स्वरचिन्हांकित अक्षरे आणि लागू असल्यास युरोचे चिन्ह मुद्दाम घालावे. युरो कोड पेज ११४० मध्ये ९एफ या जागी आहे. लॅटिन-१ मध्ये तो नाहीच, आणि यूटीएफ-८ मध्ये त्याला तीन बाइट लागतात, म्हणून डेटाबेसमधील रकान्याची रुंदी बाइटांत मोजली आहे की अक्षरांत, हेही पाहावे. मेनफ्रेमवर काय दिसते असे विचारू नये, कारण टर्मिनललाही स्वतःचे कोड पेज असते. आयएसपीएफ या मेनफ्रेमवरील संपादकात हेक्स ऑन करून तेथील बाइट कोणते आहेत, हे विचारावे.

प्रश्न : लोड केल्यानंतर रेकॉर्डची संख्या जुळते. एवढी चाचणी पुरेशी आहे का? दोन्हीकडील फाइल्स क्रमाने लावून तुलना केली, तर हजारो फरक निघतात.

उत्तर : पुरेशी नाही. प्रत्येक रकमेच्या फील्डची बेरीज मेनफ्रेमवरच काढून घ्यावी, धन आणि ऋण वेगवेगळी, आणि लोड झालेल्या तक्त्यातील बेरजेशी ताडून पाहावी. तुलनेतील फरक बहुधा क्रमाचा आहे : एबसिडिकमध्ये आधी लहान अक्षरे, मग मोठी आणि शेवटी अंक येतात, आस्कीमध्ये अंक आधी, मग मोठी अक्षरे, मग लहान. एकाच बाजूला दोन्ही फाइल्स क्रमाने लावाव्यात किंवा किल्लीनुसार (रेकॉर्ड ओळखणाऱ्या फील्डनुसार) रेकॉर्ड जोडून तुलना करावी.

पॅक्ड फील्डमध्ये नुसती ४०, म्हणजे एबसिडिकची रिकामी जागा भरलेली रेकॉर्डही सापडतील. मेनफ्रेमवरील प्रोग्रॅमने त्यावर गणित करू पाहिले असते, तर तो एस०सी७ ही अवैध आकड्याची चूक देऊन थांबला असता. आपला लोड प्रोग्रॅम तेथे गुपचूप शून्य मांडत असेल, तर ते आधी बंद करावे आणि अशी रेकॉर्ड, क्रमांक व मूळ हेक्स बाइट्ससह, वेगळ्या फाइलमध्ये काढून ज्यांचा डेटा आहे त्यांच्याकडे पाठवावीत.