पोळी कोण टाकतंय, ते आधी शोधा

प्रश्न : आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब बदली होऊन गेलं आणि सात वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री वॉचमनच्या भरवशावर ठेवून गेलं. पार्किंगमध्ये बांधलेली असायची. येणारा-जाणारा बिस्किटं टाकायचा. महिन्यापूर्वी आम्ही तिला फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, घरी आणलं. वजन ४६ किलो, डॉक्टरांनी ३० वर आणायला सांगितलंय. रक्ततपासणी अजून व्हायची आहे. दोन्ही वेळचं खाणं निम्मं केलं, तरी काटा हलत नाही. ताटापाशी लाळ गाळत बसते. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला उपाशी मारताय. यजमान म्हणतात, आठवड्यातून दोन दिवस कडक उपास करवू. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एकादशी धरायची तर यजमानांनी धरावी, कुत्रीला नको. उपासाने चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि भुकेली लॅब्रेडॉर कचऱ्याचा डबा आडवा केल्याशिवाय राहत नाही. नेहमीचंच खाणं निम्मं करण्यातही गोम आहे : प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मीच जातात. वजन उतरवण्यासाठीचं वेगळं खाणं मिळतं, ते डॉक्टरांना विचारून सुरू करा.

मी डॉक्टर नाही, अकरा वर्षं फॉस्टर करतेय एवढंच. तरी सांगते, रक्ततपासणी लांबवू नका. थायरॉईड मंद असेल तर थोडं खाऊनही वजन वाढतं, कुत्रं सुस्त पडून राहतं, शेपटीचे केस विरळ होतात. पोट सुटलंय पण पाठीचा कणा हाताला टोचतोय, असं असेल तर ती नुसती चरबी नाही, ताबडतोब दाखवा. तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, हेही बघून घ्या. झालं नसेल आणि नुकती माजावर येऊन गेली असेल, तर गर्भाच्या पिशवीत पू होण्याची भीती असते.

आता काटा का हलत नाही. माझ्याकडे बर्फी आली होती. (नावातच आधीच्या घरचा सगळा पुरावा!) ४३ किलो. गळ्यातला पट्टा मानेच्या वळीत इतका रुतला होता की मला तो आधी दिसलाच नाही, बोटांना लागला. कात्रीने कापला तर खाली केस नाहीत, ओली लाल कातडी आणि आंबूस वास. नखं वळून पंजाखाली गेलेली. चार पायऱ्या चढायला तिने दोनदा बसून घेतलं. लोकांना हेळसांड म्हटली की बरगड्या दिसणारं कुत्रं आठवतं. या असल्या कुत्र्याला ‘खात्यापित्या घरचं’ म्हणतात.

तीन आठवडे मी तिला मोजून घालत होते आणि वजन जागच्या जागी. पहिली चूक माझीच. मी आमटीच्या वाटीने मापत होते. एके दिवशी ती वाटी डिजिटल काट्यावर ठेवली तर ६२ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी शिगोशीग भरली तर ९०! दुसरी चूक बर्फीने स्वतः दाखवली. रात्री सव्वानऊला, पानं मांडायच्याही आधी, ती माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, खुर्चीपाशी जाऊन बसायची. माझ्याजवळ नाही, भावाजवळ नाही. दादांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही, पण टेबलाखाली रोज दीड-दोन पोळ्या जात होत्या.

३० किलो लक्ष्य असलेल्या कुत्र्याला वजन उतरवताना दिवसाला साधारण ९०० कॅलरी धरतात. तूप लावलेल्या दोन पोळ्या म्हणजे त्यातला जवळपास पाव हिस्सा. तुमची कुत्री जेवणाच्या वेळी कोणाजवळ जाऊन बसते, ते दोन दिवस नुसतं बघा. विचारू नका, भांडणं होतात. वॉचमनकाकांकडेही एक नजर टाका. आमच्या बर्फीच्या मिशांना खारीचा चुरा आमच्या वॉचमनकडूनच लागायचा.

सासूबाईंवर मात्र रागावू नका. त्या भुकेचं म्हणतात ते अगदीच खोटं नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. सासूबाईंना हेही सांगा : ४८ लॅब्रेडॉर जन्मभर अभ्यासले, त्यात जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सुमारे दोन वर्षं जास्त जगली. पाप कशात आहे, ते मग त्याच ठरवतील.

आणि त्यांचा हात रिकामा ठेवू नका. मी दादांना स्टीलची एक डबी दिली. सकाळीच दिवसाच्या वाट्यातले, कुत्र्याच्या खाण्याचे मोजलेले दाणे त्यात काढून ठेवायचे, सोबत उकडलेली फरसबी आणि काकडीच्या फोडी. जे द्यायचं ते त्यातूनच, एकेक दाणा. बर्फीला दाणा केवढा आहे याचं काही नव्हतं, दादांच्या हातून मिळतोय ना, बस. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे कधीच नाहीत. नाशिकला द्राक्षांचं वेगळं सांगावं लागतं.

फिरणं हळूहळू वाढवा. आधी दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. सांध्यांवर एवढा भार असताना बॉलमागे पळवू नका. घरात गुळगुळीत फरशी असेल तर तिच्या वाटेवर सतरंज्या टाका. पाय घसरतात म्हणून ती उठायचं टाळत असेल, आणि आपण तिला आळशी म्हणतो.

आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं तर बरोबर चाललंय. तुमच्याकडे म्हणजे सुरुवातीला साधारण साडेचारशे ते नऊशे ग्रॅम. आठ-नऊ महिने धरून चाला, एखाद्या संस्थेसाठी फॉस्टर करत असाल तर तिलाही तसं आत्ताच सांगून ठेवा. दर रविवारी, रिकाम्या पोटी, त्याच काट्यावर वजन करा. आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याने त्याचा मोठा काटा आनंदाने दिला होता, वर बर्फीचा आकडा तोच मोठ्याने वाचायचा. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. लिहायचं काम सासूबाईंकडे द्या.