कॅल्शियम नायट्रेट आणि ००:००:५० एका टाकीत नको

प्रश्न (शिरोळ तालुका): उसाच्या ठिबकसाठी एकाच टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि ००:००:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) कालवलं. पाणी दुधासारखं झालं, तळाला पांढरा साका बसला, ड्रीपर बंद पडले. खत भेसळीचं आहे का?

उत्तर: एवढ्यावरून खताला दोष देऊ नका. दोन्ही खतं वेगवेगळ्या बादलीत ढवळून बघा, पाणी नितळ राहील. एकत्र आल्यावर मात्र एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या सल्फेटला धरतं आणि जिप्सम तयार होतं. चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या रानात आपण पोत्यानं टाकतो तेच. स्वच्छ पाण्यात जिप्सम लिटरला जेमतेम २.५ ग्रॅम विरघळतं. त्यातही ००:००:५० ने पाण्यात आधीच भरपूर सल्फेट सोडलेलं असतं, त्यामुळे जिप्समला विरघळायला जागा आणखी कमी उरते. याला समआयन परिणाम म्हणतात. विहिरीचं पाणी जड असेल, तर त्यातलं कॅल्शियमही साक्यात भर घालतं.

आता नळ्या साफ करायच्या. कुणी ॲसिड सोडायला सांगेल, पण आधी चमचाभर साका वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडीचा क्षार आहे, तिथे ॲसिड उपयोगी पडतं. फेस आला नाही तर बहुधा जिप्सम, आणि ते ॲसिडला फारसं दाद देत नाही. मग लॅटरलची (ड्रीपर असलेल्या नळ्यांची) टोकं उघडून नदीच्या स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुवा, बंद ड्रीपर साध्या पाण्यात भिजत ठेवा. वेळ लागतो, पण सुटतं. नाही सुटले ते बदला.

पुढे कॅल्शियम नायट्रेट एका दिवशी, सल्फेट आणि स्फुरदाची खतं दुसऱ्या दिवशी द्या. मध्ये साधं पाणी सोडून नळ्या धुऊन घ्या. पोटॅश त्याच टाकीतून द्यायचंच असेल तर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) घ्या, त्यात सल्फेट नाही, म्हणून ते कॅल्शियम नायट्रेटबरोबर चालतं. तरीही कोणतंही नवं मिश्रण टाकीत ओतण्याआधी काचेच्या बाटलीत स्वतःच्याच विहिरीचं पाणी घेऊन, टाकीत असतं त्याच प्रमाणात खतं कालवा आणि दोन तास ठेवा. दुकानातल्या बिसलरीत केलेली चाचणी इथे कामाची नाही.

याच भागातून आणखी एकानं विचारलंय, की चोपण रानात जिप्सम टाकून विहिरीचं पाणी दिलं तर चालेल का? त्या पाण्यात सल्फेट किंवा कॅल्शियम जास्त असेल तर जिप्सम सावकाश आणि कमी विरघळेल. पाणी तपासून घ्या. पंचगंगेचं किंवा कृष्णेचं पाणी मिळत असेल तर जिप्सम टाकल्यावरचं पहिलं पाणी तेच द्या, आणि निचऱ्याची चर आधी मोकळी करा.