घर एवढं छान, मग मला काय होतंय?

"मॅडम, सगळं आहे हो, पण आनंद होत नाही." नवं, मोठं घर घेतलेल्यांकडून हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलंय की समोरची व्यक्ती 'सगळं आहे हो' म्हणाली की पुढचं मला कळतं. त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशीच्या. लालबागच्या चाळीत संसार मांडला, मग डोंबिवली, आणि आता दादरला शिवाजी पार्कसमोरच्या टॉवरमध्ये 22वा मजला. हॉलभर काच. खाली 28 एकरांचं पार्क, घोड्यावरचे महाराज, पलीकडे समुद्र. पाहुणे आले की या गाइडसारख्या दाखवायच्या: ते उद्यान गणेश, ते व्यायाम मंदिर. "पाहुणे गेले की मी पडदा ओढून घेते," म्हणाल्या.

पहिल्या दोन-तीन भेटी स्वतःला बोल लावण्यातच गेल्या. "लोक वन बीएचकेसाठी जन्मभर झुरतात. मला आनंद व्हायलाच हवा ना?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. आपण स्वतःवर लादलेल्या 'मस्ट'वर त्यांचा सारा रोख. मराठीत ते काम एकटा 'च' करतो, आणि तो मला लगेच ऐकू येतो.

"आठ महिन्यांत खाली कट्ट्यावर किती वेळा बसलात?"

"एकदाही नाही. वरून दिसतंच की सगळं." मग जरा थांबून म्हणाल्या, "दिसतं, पण ऐकू येत नाही. पोरगं बॅट फिरवतं, बॉल उडतो, पण टक् नाही. काच जाड आहे."

मला वाटलं, सापडलं! त्यांना रोज कट्ट्यावर बसायला सांगितलं. पुढच्या भेटीत त्या आणखी खचलेल्या. "खाली बरं वाटतं. लिफ्टमध्ये शिरले की छातीत धस्स होतं."

मग मी आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "हे घर मला आवडत नाही, असं घरी सांगितलंत तर?"

बराच वेळ गेला. "तीस वर्षं राबलेत हे या घरासाठी. मी असं म्हटलं तर ती सगळी पाण्यात गेली ना!"

गाठ इथे होती. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर 'मला हे घर आवडत नाही', दुसरीवर 'तुमच्या कष्टांची मला किंमत नाही', आणि टेबलाच्या दोन टोकांना ठेवल्या. आठ महिने त्या ही दोन वाक्यं एकच समजत होत्या. कितीतरी वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मग पहिली चिठ्ठी पर्समध्ये टाकली, दुसरी तिथेच ठेवली. मी काहीही समजावलं नव्हतं. असे क्षण या कामात थोडे येतात, पण पुरतात.

घरी बोलल्यावर नवरा म्हणाला, "मला तर उंचीची भीती वाटते. म्हणून खिडकीकडे पाठ करून बसतो." नवऱ्याच्या पाठ करून बसण्याचं बाईंनी मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. मी ते सोडून दिलं होतं!

नव्या घरात गेलेल्यांना मी सांगते, जुन्या घरासाठी जीव तुटणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. 'आवडलंच पाहिजे' ऐवजी 'आवडलं तर बरं' म्हणून बघा, छातीवरचा भार हलका होतो. आणि आईवडिलांना टॉवरमध्ये आणणाऱ्या मुलांनो, 'आवडलं ना?' असं विचारू नका. त्या 'ना'पुढे 'हो' म्हणण्यावाचून इलाज नसतो. 'इथे काय चुकल्यासारखं वाटतं?' असं विचारा आणि उत्तर आलं की लगेच उपाय सांगायला धावू नका. झोप, भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. (हा 'च' माझा.)

घर त्यांनी विकलेलं नाही. परवा त्यांचा फोन आला, तर मागे पोरांचा एवढा गोंगाट की निम्मं बोलणं कळेना. "थांबा मॅडम, जरा बाजूला जाते."

"नको, तिथूनच बोला," म्हटलं.