बॅटलफील्ड ६ 'सिक्युअर बूट' मागतं आणि उघडतच नाही. विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

नाही, बहुतेक वेळा आहे त्याच विंडोजवर काम होतं, फक्त क्रम चुकवू नका. या गेमची जॅव्हलिन अँटी-चीट (चीटिंग रोखणारी यंत्रणा) सिक्युअर बूटशिवाय, म्हणजे पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीशिवाय, गेम सुरूच होऊ देत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कमी करून उपयोग नाही. स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा आणि 'बायोस मोड' बघा.

'यूईएफआय' (नवी बूट पद्धत) असेल तर रीस्टार्टच्या वेळी डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट सुरू करून सेव्ह करा. 'एनेबल्ड' दिसूनही गेम अडलाच, तर तिथेच डिफॉल्ट कीज (सिक्युअर बूटला लागणाऱ्या डिजिटल चाव्या) इन्स्टॉल करा. बऱ्याच मदरबोर्डवर त्या भरलेल्याच नसतात.

'लेगसी' (जुनी बूट पद्धत) असेल तर डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. विंडोजमधल्याच 'एमबीआर टू जीपीटी' टूलने डिस्क आधी तपासा, मग नव्या जीपीटी पद्धतीत बदला आणि त्यानंतरच सीएसएमला हात लावा. लोक नेमकं उलटं करतात आणि मग विंडोज सापडत नाही. घाबरू नका, सीएसएम परत सुरू केलं की पीसी पूर्वीसारखा चालू होतो.

डिस्कवर ३ पेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) असतील तर मात्र हे टूल नकार देतं. बॅकअप आधीच घ्या, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.